ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर घेऊन कोकणात उतरताना

सुट्टीच्या दिवशी आंबा घाट उतरून साखरप्याला चहासाठी थांबलेल्या गाड्यांमधून सहज चालत जा. एखाद्या गाडीच्या पुढच्या चाकांपाशी उग्र, जळका वास हमखास येतो. तो वास ब्रेकच्या पॅडचा. अशी गाडी पुष्कळदा ऑटोमॅटिक असते, कारण सगळा घाट ‘डी’मध्ये (गाडी आपोआप गिअर बदलते त्या ड्राइव्हमध्ये) आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवून उतरलेला असतो. त्यातून ती फोर-बाय-फोर असली तर मालकाला उताराची मुळीच धास्ती नसते. पण इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली म्हणून ब्रेक काही वाढत नाहीत. छोट्या हॅचबॅकला चार चाकांचे चार ब्रेक आणि तुमच्या दोन टनांच्या धुडालाही तेवढेच. उतारावर गाडी धरून ठेवायची ती गिअरने; ब्रेकने फक्त वेग थोडाफार दुरुस्त करायचा.

कोकणात उतार दोन जातीचे. पहिला घाटाचा: आंबा, कुंभार्ली, आंबोली, फोंडा, करूळ, ताम्हिणी, वरंध. हे लांबलचक, डांबरी, वळणावळणांचे, पण तसे बेताचे. डोंगरातल्या मोठ्या रस्त्याची आखणी करताना उतार साधारण ५ ते ७ टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न असतो, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ५-७ मीटर खाली. दुसरा उतार सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, खाली वाडीत, कलमांच्या बागेत किंवा बंदरावर नेणारा. लांबीला थोडका, पण उभा, अरुंद, कुठे सिमेंटचा, कुठे जांभ्याचा, कुठे नुसता मुरूम. घाटात भीती ब्रेक तापण्याची, वाडीच्या वाटेवर भीती घसरण्याची. दोन्हीकडे गाडी एकाच पद्धतीने चालवणारा कुठेतरी फसतोच.

निघण्याआधी

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात तापलेल्या ब्रेकपाशी हा फरक जीवघेणा ठरू शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ धरते, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाशी जातं. किनाऱ्याच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला म्हणणारा मेकॅनिक तुम्हाला गंडवत नाही. पॅड मात्र चाक काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ‘अजून चालतील’ हे उत्तर घाटाच्या आदल्या दिवशी पुरेसं नाही.

टायरचंही एक. हौसेने मोठे, खडबडीत मातीचे टायर बसवलेल्या गाड्या आता गावोगाव दिसतात. दिसायला रुबाबदार, पण चाकाचा घेर वाढला की प्रत्येक गिअर थोडा ‘उंच’ होतो, म्हणजे गिअरची पकड कमी होते आणि ब्रेकवरचा भार वाढतो. शिवाय जाड गठ्ठ्यांचे टायर ओल्या डांबरावर उशिरा थांबतात. माझं मत विचाराल तर वर्षातून दोनदा बागेत उतरणाऱ्याने कंपनीच्याच मापाचे, रस्ता आणि माती दोन्हीला चालणारे टायर ठेवावेत.

आणि सामान. गणपतीला गावी जाताना किंवा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन परतताना टपावर जे चढवलं जातं, ते गाडीचा तोल वर नेतं. जड ते खाली, सीटच्या मागे, बांधून. उतारावर मोकळी पेटी पुढे येते आणि तिच्यासमोर कोणाचं तरी डोकं असतं.

आपला लिव्हर ओळखा

ऑटोमॅटिक गाड्यांचे मालक वर्षानुवर्षं ‘पी’, ‘आर’, ‘डी’ एवढीच बाराखडी वापरतात. उतारासाठी लागणारी अक्षरं नेमकी उरलेली असतात. काही गाड्यांत लिव्हर बाजूला सरकवून अधिक-उणे करत गिअर निवडता येतो, काहींत स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी. जिम्नीचा गिअरबॉक्स चारच गिअरचा आहे. तिथे ‘डी’च्या खाली ‘२’ आणि ‘एल’ आहेत आणि लिव्हरवर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करायचं बटण आहे, ते दाबलं की गाडी तिसऱ्याच्या वर जात नाही. फॉर्च्युनरमध्ये ‘एस’ टाकल्यावर जो आकडा दिसतो ती वरची मर्यादा असते: ३ दिसत असेल तर गाडी पहिला, दुसरा, तिसरा वापरेल, चौथा घेणार नाही. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये एका पानावर दिलेलं असतं. ते पान वाचा.

‘डी’मध्ये नेमकं काय बिघडतं? तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की गिअरबॉक्सला वाटतं, आता ताकद नको, इंधन वाचवू. तो वरचा गिअर टाकतो. इंजिनाचे फेरे कमी होतात, त्याचा विरोध कमी होतो, आणि गाडी मोकाट धावू लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा ऑइलचा असतो. कन्व्हर्टर लॉक नसेल तर ही पकड आणखी सैल पडते. नव्या गाड्यांचे गिअरबॉक्स उतार ओळखून स्वतः खालचा गिअर घेतात, हे खरं. पण पुढच्या वळणाला एसटी उभी आहे हे त्यांना दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

घाटात पहिल्यांदा करून बघण्यापेक्षा सपाट, मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगाने जाताना एकेक गिअर खाली घेऊन बघा. इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मागून कोणी धरल्यासारखी होते, ब्रेकचे दिवे मात्र लागत नाहीत. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. मागच्या गाडीला तुमचा वेग कमी होतोय हे कळत नसतं, म्हणून पाठीला लागलेली गाडी असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करून तिला सांगावं.

घाट उतरताना

थोडं गणित सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं पटत नाही. माणसं-सामानासह २ टनांची गाडी ६०० मीटर खाली आली की जवळजवळ सव्वातीन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, त्यावरून अंदाज येईल. एवढ्या ऊर्जेत २५ अंशांचं ३५ लिटरहून जास्त पाणी उकळीला येतं. काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेला इंजिनात जिरवायचा की पुढच्या दोन डिस्कमध्ये, एवढंच तुमच्या हातात असतं.

वेग माथ्यावरच ठरवायचा. उतार सुरू होण्याआधी, गाडी अजून सपाटीवर असताना, ब्रेकने ३०-४० पर्यंत या आणि तिसरा किंवा दुसरा गिअर घ्या. वेगात असताना एकदम खालचा गिअर मागितला तर गिअरबॉक्स टूं-टूं करून नकार देतो, कारण इंजिनाचे फेरे मीटरवरच्या लाल रेषेपलीकडे जातील. म्हणजे आधी ब्रेक, मग गिअर. उलट क्रम चालत नाही.

कोणता गिअर, याचं जुन्या ड्रायव्हरांचं सूत्र असं की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सहा-सहा गिअरच्या गाड्यांत ते सुरुवातीला धरायला ठीक आहे, कधी एक गिअर आणखी खाली लागतो. खरी परीक्षा सोपी: सरळ टप्प्यात दोन्ही पेडलांवरून पाय काढा. वेग स्थिर राहिला किंवा सावकाश वाढला तर गिअर बरोबर. काटा भराभर वर सरकला तर ब्रेक, आणि एक गिअर खाली.

मिनिटाला ३ ते ४ हजार फेऱ्यांचा आवाज ऐकून मागच्या सीटवरून ‘अहो, गाडी का ओरडतेय?’ असा प्रश्न येतो. ओरडू द्या. लाल रेषेच्या आत इंजिनाला त्याने काही होत नाही. पेट्रोलही जास्त जळत नाही. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना आणि चाकं इंजिनाला फिरवत असताना आजची इंजिनं इंधनाचा पुरवठा बंदच करतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. तेव्हा ‘न्यूट्रलवर सोडली की पेट्रोल वाचतं’ हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट: ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

ब्रेक लावायचाच तेव्हा ठाम लावा. समजा वेग ४० ला पोचला. सरळ टप्प्यात नीट दाबून २८-३० वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा ४० होईपर्यंत डिस्कला हवा लागते. सतत हलका पाय ठेवून उतरणाऱ्याला वाटतं आपण जपून चाललोय. त्याचे पॅड मात्र घाटभर डिस्कवर घासत असतात. दोन पायांनी, डाव्याने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर असं चालवायची सवय असेल तर ती घाटात सोडाच. डावा पाय नकळत टेकलेला राहतो.

वळणाचा हिशेब वळणाच्या आधी. यू-वळणाला येण्यापूर्वी, चाकं सरळ असतानाच, वेग उतरवा, दुसरा गिअर घ्या आणि ब्रेक सोडून वळा. उतारावर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर आलेलं असतं, मागची चाकं हलकी असतात. वळणाच्या पोटात कचकन ब्रेक मारला तर शेपूट बाहेर जाते. खालून एसटी किंवा ट्रक वर येत असेल तर वळणाच्या अलीकडेच थांबा. त्यांना वळायला सगळा रस्ता लागतो, आणि अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही आहे. चढावर थांबलेला भरला ट्रक पुन्हा हलवणं काय असतं, ते त्या ड्रायव्हरला विचारा.

आता ज्याच्यासाठी पैसे मोजले ते ‘४एच’, म्हणजे नेहमीच्या वेगातच इंजिनाची ताकद चारही चाकांना. कोरड्या डांबरी घाटात त्याची गरज नाही. थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसाला ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) घट्ट जोडते, मध्ये डिफरन्शिअल (वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतो. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक पकडीच्या रस्त्यावर कुठे सुटत नाही, गाडी वळायला कुरकुरते आणि आतल्या भागांवर ताण साठतो. कोरड्या घाटात ‘२एच’, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना हे बंधन नाही.

वास आला, पेडल सैल झालं तर

जळका वास आला, किंवा तेवढ्याच वेगाला पेडल जास्त दाबावं लागायला लागलं, की पुढच्या रुंद जागी गाडी घ्या. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका. लालबुंद डिस्क वेडीवाकडी होते, तडाही जातो. हँडब्रेक करकचून ओढून ठेवण्यापेक्षा चाकाला दगड लावा आणि ‘पी’ टाका. अर्धा तास तरी जाऊ द्या. निघताना तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाका. घाटात वळणावर पडलेला, कोणीतरी सोडून गेलेला दगड रात्री दुचाकीवाल्याला दिसत नाही. हा उद्योग करणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

ब्रेक खरोखरच लागेनासे झाले तर पेडल भराभर पंप करा, बऱ्याचदा थोडा दाब परत येतो. त्याच वेळी गिअर एकेक करून खाली. हातानं ओढायचा हँडब्रेक असेल तर त्याचं बटण अंगठ्याने दाबून धरून हळूहळू ओढा-सोडा. बटणाचा असेल तर बटण ओढून धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत धरून ठेवल्यावर तो चालत्या गाडीलाही थांबवतो. हॉर्न आणि दिवे चालू. इंजिन बंद करायचं नाही, स्टिअरिंगची मदत जाते. काहीच जमत नसेल तर डोंगराच्या बाजूची माती, गटार, झुडपं यांना गाडी घासायची. पत्रा चेपतो, तो भरून येतो.

पावसाळा

आंबोलीला वर्षाकाठी साधारण ७ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ठिकाणी रस्ता ओला असतो म्हणणं अपुरं आहे. रस्त्यावरून पाणी वाहत असतं, कडेला शेवाळ, वळणात डोंगरातून आलेली लाल माती. इथे ‘४एच’ कामाला येतं, आणि त्याचं कारण चढापेक्षा उताराशी जास्त आहे. ‘२एच’मध्ये गिअरची पकड फक्त मागच्या चाकांवर असते, आणि उतारावर नेमकी तीच हलकी झालेली असतात. चिखलाच्या पट्ट्यात खालचा गिअर टाकला की मागची चाकं घसरू शकतात. ‘४एच’मध्ये तीच पकड चारही चाकांत वाटली जाते. पण चिखल संपून पकडीचा रस्ता लागला की परत ‘२एच’.

धुक्यात चालती गाडी इशाऱ्याचे चारही दिवे लुकलुकवत नेऊ नका. त्याने तुम्ही उभे आहात की चालताय ते कळत नाही, आणि वळायचा इशाराही हरवतो. हेडलाइट खाली, फॉगलाइट चालू, वळणाला हॉर्न. रस्त्यावरचं खळाळतं पाणी ओलांडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून पॅड सुकवा. वरंध घाट तर पावसाळ्यात वारंवार बंद ठेवतात. निघताना चौकशी करा, आणि बंद असेल तर नकाशाने दाखवलेल्या ‘जवळच्या वाटेने’ वाडीवस्तीतून घुसू नका. नकाशाला रुंदी कळते, शेवाळ कळत नाही. कधीकधी रुंदीही कळत नाही.

सड्यावरून बागेत

सड्याच्या कडेपर्यंत डांबर येतं. तिथून पुढे जांभ्याच्या दोन गडग्यांमध्ये (दगडी कुंपणांमध्ये) एक वाट खाली कलमांत उतरते. वरचा भाग उघडा कातळ, मग लाल माती, मध्ये पावसाच्या पाण्याने पाडलेला आडवा चर, आणि तळाशी एक पऱ्या, म्हणजे ओहोळ. उन्हाळ्यात कातळावर जांभ्याचे बारीक गोल खडे पसरलेले असतात. फरशीवर कुळीथ सांडल्यासारखे ते पायाखाली आणि चाकाखाली सरकतात. पावसात तोच कातळ शेवाळून काळा पडतो. अशा जागी घाटातलं शहाणपण पुरत नाही.

आधी गाडी वर सपाटीवर थांबवा, उतरा आणि वाट पायी उतरून बघा. तुमचा पाय जिथे घसरतो तिथे चाकही घसरणार. चर कुठल्या चाकाला लागेल, गडग्याचा दगड कुठे बाहेर आला आहे, वळण आहे का, खाली गाडी वळवायला जागा आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच विसरला जातो. बागेतला माणूस भेटला तर त्याला विचारा, आणि त्याचं ऐका. मालवण-देवगडकडे ‘गाडी खाली जायत, पण वर येवची नाय’ असं उत्तर आलं तर गाडी सड्यावर ठेवून चालत जायचं. वाद घालायचा नाही.

उतरायचं ठरलं तर बाकीच्यांना उतरवा. वाट दाखवणारा माणूस गाडीच्या पुढे, खालच्या बाजूला उभा राहता कामा नये. बाजूला, गडग्यापलीकडे, तुम्हाला दिसेल असा. खुणा आधी ठरवा आणि खुणा करणारा एकच ठेवा. पाच जण पाच दिशांना हात हलवतात तेव्हा गाडी गडग्याला लागते. सीटबेल्ट लावा, काचा खाली घ्या म्हणजे चाकाखालचा आवाज ऐकू येतो.

मग ‘४एल’, म्हणजे ताकद चारही चाकांना, पण खालच्या, मंद गिअरपट्टीत. गाडी पूर्ण थांबलेली, पाय ब्रेकवर, लिव्हर न्यूट्रलला, आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर किंवा बटण ‘४एल’वर. अडला तर गाडी फूटभर पुढेमागे हलवून पुन्हा प्रयत्न करा, ताकद लावू नका. पॅनलवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की काम झालं. ‘४एल’मध्ये गाडीनुसार साधारण दोन ते अडीच पटीने वेग कमी होतो आणि तितक्याच पटीने इंजिनाची पकड वाढते. हे सगळं सपाटीवरच उरकायचं, उतारावर कधीच नाही: ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये अडकली तर चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो आणि ‘पी’सुद्धा गाडी धरत नाही. फक्त ब्रेक उरतो.

आता लिव्हर ‘एल’ किंवा पहिल्यावर. नाक सरळ उताराच्या दिशेने करा. उभ्या उतारावर तिरकं जाणं सोपं वाटतं, पण तिरकी गाडी कलते, खालच्या बाजूचं चाक चरात गेलं की आणखी कलते, आणि उलटते ती अशीच. ब्रेक हळू सोडा, गाडीला पहिल्या गिअरच्या ताब्यात जाऊ द्या आणि पाय पेडलावरून काढून जमिनीवर ठेवा. वेग चालत्या माणसाइतका हवा. पहिले दोन मीटर पोटात गोळा येतो, कारण बॉनेटपलीकडे फक्त आकाश आणि आंब्याचे शेंडे दिसतात. तिथेच पाय आपोआप ब्रेककडे जातो. त्याला आवरा. डिझेल गाडी पहिल्या गिअरमध्ये चांगली धरते. छोटं पेट्रोल इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर असेल तर फार उभ्या टप्प्यावर वेग थोडा वाढतो, तेव्हा ब्रेक अगदी हलका, चाक अडकणार नाही इतकाच.

हिल डिसेंट कंट्रोल असेल तर इथे लावा. ही यंत्रणा एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) साहाय्याने एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावत गाडी ठरावीक मंद वेगात ठेवते. खर्र-खर्र आवाज येतो, पेडल थरथरतं, काहीतरी तुटलं असं वाटतं, तुटलेलं नसतं. तरीही पहिला गिअर आणि ‘४एल’ घेऊनच ती वापरा. अखेर ती ब्रेकच वापरते, आणि लांब उतारावर तेही तापतात. घाटात ती लावून उतरणारे लोक मी पाहिले आहेत. ते काम तिचं नाही. डिफरन्शिअल लॉक उताराला नको; गाडी सरळच जायचा हट्ट धरते आणि वळत नाही.

घसरली तर

चाकं अडकून गाडी सरळ खाली घसरायला लागली तर ब्रेक सोडा. मनाविरुद्ध जातं, पण फिरणाऱ्या चाकालाच दिशा देता येते. शेपूट बाजूला येऊ लागली तर ब्रेक सोडून स्टिअरिंग घसरणीच्या दिशेला, आणि ॲक्सिलरेटरचा हलकासा स्पर्श, म्हणजे चाकं जमिनीच्या वेगाने फिरून गाडी पुन्हा सरळ होते. स्पर्श म्हणजे स्पर्शच. तळाशी पऱ्या असेल तर त्याच्या आधी सपाटीवर थांबायला दहा पावलं जागा आहे का, हे मघाशी पायी जाताना बघायला हवं होतं.

परत चढताना गाडी अर्ध्यावर थांबली तर तोही उतारच, फक्त उलटा. वळवायचा प्रयत्न करू नका, गाडी आडवी झाली की कलंडते. ब्रेक दाबून धरा, ‘४एल’ आहे ना बघा, लिव्हर ‘आर’वर घ्या, चाकं सरळ करा आणि ब्रेक सोडत रिव्हर्स गिअरच्या पकडीवर आल्या वाटेने मागे उतरा. ‘डी’मध्ये ठेवून मागे घरंगळू देऊ नका, इंजिन बंद पडू शकतं, आणि बंद पडलं की ब्रेक व स्टिअरिंगची मदत जाते. न्यूट्रल तर नकोच.

वर डांबरावर आल्यावर थांबा आणि ‘२एच’ लावा. ‘४एल’ तसंच ठेवून गावापर्यंत जाणारे आणि ‘गाडी ओढत नाही’ म्हणून मेकॅनिकला फोन करणारे कमी नाहीत.

उतारावर गाडी उभी करताना

कोकणातलं निम्मं पार्किंग उतारावरच असतं. ब्रेक दाबून थांबा, न्यूट्रल घ्या, हँडब्रेक ओढा, मग ब्रेकवरून पाय काढा आणि गाडीला हँडब्रेकवर टेकू द्या. त्यानंतर पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. थेट ‘पी’ टाकून पाय काढला की सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं. निघताना जो ‘खाट’ आवाज येतो तो तिचाच. पुढची चाकं कडेच्या दरडीकडे किंवा गडग्याकडे वळवून ठेवा. ‘४एल’ किंवा ‘२एच’, काहीही चालेल, पण ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये नको.

फेरीबोटीचा धक्का

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा वेसवी-बागमांडला, कुठेही गेलात तरी शेवटचा उतार जेट्टीचा. भरतीला तो आखूड असतो. ओहोटीला खालचा भाग उघडा पडतो, आणि नेमक्या त्याच भागावर शेवाळ असतं. माणसं खाली उतरवा, पहिला गिअर, उतार ओला असेल तर ‘४एच’, आणि बोटीवरचा माणूस खूण करेपर्यंत वर थांबा. पुढची गाडी फळीवर पूर्ण चढल्याशिवाय आपली उतारावर घालू नका. फळी आणि धक्का यांच्यामधल्या पायरीवर चाक आपटतं, म्हणून तिथे जवळजवळ थांबून मगच चढवा. बोटीत लागल्यावर ‘पी’, हँडब्रेक, इंजिन बंद.

पलीकडे उतरून मुक्कामी पोचलात की गोड्या पाण्याने चाकं आणि गाडीचं पोट धुवा. खारं पाणी लागलेली डिस्क रात्रीत गंजते; सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि मग जाते. ती गेली नाही, किंवा हँडब्रेक सोडूनही चाक अडखळू लागलं, तर परतीचा घाट चढण्याआधी, म्हणजेच पुढचा घाट उतरण्याआधी, मेकॅनिककडून ते चाक खोलून घ्या.